महत्तम वाऱ्यांचे अनुमान : अहिल्यानगर जिल्हा

एखाद्या स्थळी दीर्घ काळात क्वचितच येणाऱ्या सर्वाधिक वेगाच्या वाऱ्यास त्या स्थळाचा महत्तम वारा म्हणतात. इमारती, पूल, कारखान्यांची धुराडी, विद्युत् तारांचे मनोरे, पवनचक्क्या, जाहिरातफलक इत्यादींचा अभिकल्प (आराखडा) करताना या वाऱ्याचा वेग आधी ठरवावा लागतो. सामान्यतः ५० वर्षांतून सरासरीने एकदा ओलांडला जाईल असा वेग आधारभूत धरतात व या अवधीस पुनरावृत्तिकाल म्हणतात. ही संज्ञा काहीशी फसवी आहे. असा वारा दर पन्नासाव्या वर्षी येतो, असा तिचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची संभाव्यता २ टक्के आहे, एवढेच ती सांगते. त्यामुळे ५० वर्षे उभ्या राहणाऱ्या वास्तूला त्याहून अधिक वेगाचा वारा एकदा तरी लागण्याची संभाव्यता सु. ६३ टक्के असते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेगाचे अनुमान १० टक्क्यांनी चुकले, तर दाबाचे अनुमान सु. २० टक्क्यांनी चुकते. म्हणून हा एक आकडा काढण्यासाठी गेल्या दीडशे वर्षांत उपकरणे, संख्याशास्त्र आणि अलीकडे संगणकीय हवामान प्रतिमाने यांचा क्रमाक्रमाने उपयोग करण्यात आला. महाराष्ट्राच्या अंतर्भागात ही अनुमाने कशी होत गेली व ती कोठे अडतात, हे पाहण्यास अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्हा विशेष उपयुक्त आहे. समुद्रापासून दूर असल्यामुळे तो चक्री वादळांच्या नेहमीच्या चर्चेबाहेर राहतो. तथापि राज्यातील वाऱ्यावरील विजेचे काही महत्त्वाचे प्रकल्प याच जिल्ह्यात आहेत.

भूरचना व वारे : क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या अशा या जिल्ह्याचे (१७,०४८ चौ. किमी.) पश्चिम टोक अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) व हरिश्चंद्रगड याच भागात येतात. येथून निघालेल्या डोंगररांगा पूर्वेस व आग्नेयीस उतरत जाऊन पारनेरच्या पठारात मिळतात. त्यापलीकडे गोदावरी, प्रवरा, मुळा व सीना यांची सखल खोरी आहेत. जिल्ह्याचा बहुतांश भाग पर्जन्यछायेत मोडतो.

या प्रदेशावर दोन भिन्न प्रकृतींचे जोरदार वारे वाहतात आणि पुढील सर्व विवेचन या भेदावर आधारलेले आहे. पहिला प्रकार नैर्ऋत्य मॉन्सूनचा. जून ते ऑगस्ट या काळात अरबी समुद्रावरून येणारा खालच्या थरातील वेगवान वातप्रवाह द्वीपकल्प ओलांडून पूर्वेकडे जातो. ब्रिटिश वातावरणवैज्ञानिक जॉन फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये या प्रवाहाचे सविस्तर वर्णन केले. त्याचा गाभा सु. दीड किमी. उंचीवर असल्यामुळे दख्खनच्या उंच पठारांवर त्याचा प्रभाव अधिक जाणवतो. हा वारा दिवसेंदिवस एकाच दिशेने वाहतो व त्याच्या वेगात अचानक चढउतार फारसे होत नाहीत. दुसरा प्रकार वळवाच्या वादळांचा. चैत्र-वैशाखात दुपारनंतर तापलेल्या जमिनीवर उंच गर्जन मेघ तयार होतात. ढगाचा तळ उंच व त्याखालची हवा कोरडी असल्यामुळे पडणारे थेंब वाटेतच बाष्पीभूत होतात. त्यामुळे थंड व जड झालेली हवा वेगाने खाली कोसळून जमिनीवर चहूकडे पसरते. धुळीचा लोट पुढे, मागून गार वारा आणि त्यानंतर पावसाचे टपोरे थेंब, हा अनुभव या भागातील प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. हा वारा काही मिनिटेच टिकतो व काही किमी. पट्ट्यापुरता मर्यादित असतो. परंतु कांदाचाळींचे पत्रे उडतात, हरितगृहे फाटतात, झाडे व विजेचे खांब पडतात ते बहुधा त्यामुळेच. पवनचक्की वर्षभर फिरवणारा वारा आणि ती पाडू शकणारा वारा असे हे दोन वेगळे वारे होत. तिसरा प्रकार, म्हणजे किनाऱ्यावर येऊन अंतर्भागात शिरलेल्या चक्री वादळाचा, तसा विरळ आहे [⟶ चक्री वादळे].

वेधांचा आरंभ : दख्खनच्या हवामानाचे पहिले पद्धतशीर वेध घेण्याचे श्रेय विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांच्याकडे जाते. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्यांची सांख्यिकी वृत्तनिवेदक म्हणून नेमणूक केली आणि त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या भागांत हिंडून माहिती जमविली. त्यांचा दख्खनच्या हवामानावरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८३५ मध्ये प्रसिद्ध झाला. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून धुक्यात दिसणाऱ्या वर्तुळाकार इंद्रधनुष्यामुळे त्यांचे नाव गिर्यारोहकांत आजही घेतले जाते. त्यांचा मुख्य विषय मात्र वायुभारमापकातील दैनंदिन भरती-ओहोटी हा होता. वाऱ्याचा वेग त्या काळी उपकरणाने नव्हे, तर डोळ्यांनी व अनुभवाने ठरविला जाई. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना होऊन देशभर वेधशाळांचे जाळे विस्तारले व पुढे अहमदनगर येथेही वेधशाळा झाली.

वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणांचा इतिहास एका अपघाताशी निगडित आहे. आयर्लंडमधील जॉन टॉमस रॉमनी रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये चार अर्धगोलाकार वाट्या असलेला वातवेगमापक तयार केला. वाट्यांच्या वेगाच्या तिप्पट वाऱ्याचा वेग असतो, असे त्यांचे मत होते. २८ डिसेंबर १८७९ रोजी स्कॉटलंडमधील टे नदीवरील रेल्वेपूल वादळात आगगाडीसह कोसळला व सु. ७५ लोक मृत्युमुखी पडले. चौकशीत असे आढळले की, पुलाचे अभियंते टॉमस बाउच यांनी वाऱ्याच्या दाबासाठी स्वतंत्र तरतूदच केली नव्हती. त्यानंतर ब्रिटनमध्ये पुलांसाठी दर चौ. फुटास ५६ पौंड (सु. २७३ किग्रॅ./चौ. मी.) एवढा दाब धरण्याचा नियम झाला. नियम झाला तरी वाऱ्याचा खरा जोर किती, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. ते शोधण्याच्या प्रयत्नात विल्यम हेन्री डाइन्स यांनी रॉबिन्सन यांचा गुणक ३ नसून २·२ च्या आसपास असल्याचे दाखवून दिले. म्हणजे त्या गुणकावर आधारलेल्या जुन्या नोंदी वाऱ्याचा वेग बऱ्याच फुगवून सांगत होत्या. डाइन्स यांनी १८९० नंतरच्या दशकात दाबनलिका वातलेखक हे उपकरण तयार केले. त्यात नळीच्या तोंडाशी येणाऱ्या वाऱ्याच्या दाबाने एक तरंगक वर-खाली होतो व फिरत्या कागदावर अखंड रेषा उमटते. सोसाट्याचे शिखर कागदावर टिकविणारे हे पहिले भरवशाचे साधन होय. भारतीय हवामान विभागाने आपल्या प्रमुख वेधशाळांत त्याचा वापर केला.

लहान गावांच्या वेधशाळांत मात्र असा वातलेखक नसे. तेथे वाट्यांचा मापक असे. निरीक्षक सकाळी ८·३० व सायंकाळी ५·३० वाजता त्यावरून अवघ्या काही मिनिटांची सरासरी घेई व दोन वेधांमधील वाऱ्याची एकूण धाव किलोमीटरमध्ये नोंदवी. शेतीसाठी व सर्वसाधारण हवामान जाणण्यासाठी ही पद्धत पुरेशी होती. महत्तम वाऱ्यासाठी ती जवळजवळ निरुपयोगी ठरते. वळवाचे वादळ दुपारी चार वाजता येऊन साडेचारला निघून गेले, तर साडेपाचच्या नोंदीत शांत हवा दिसते. समजा, एखाद्या तासात १० मिनिटे ताशी ९० किमी. व उरलेली ५० मिनिटे ताशी १५ किमी. वेगाचा वारा वाहिला. त्या तासाची सरासरी ताशी २७·५ किमी. येते. तासाच्या सरासरीस सु. १·५ ने गुणून सोसाट्याचा वेग काढण्याची रीत अभियंत्यांत रूढ आहे. मॉन्सूनच्या संथ व सलग वाऱ्यासाठी ती ठीक चालते. परंतु वरील उदाहरणात ती ताशी सु. ४१ किमी. एवढाच वेग देते, म्हणजे प्रत्यक्षाच्या निम्म्याहूनही कमी. मोजमाप चुकलेले नसते. मोजलेली गोष्टच वेगळी असते.

संख्याशास्त्राचा प्रवेश : मापनाच्या नोंदी १५ ते २० वर्षांच्या असताना ५० वर्षांचा वारा कसा सांगावा, या प्रश्नाला संख्याशास्त्राने उत्तर दिले. आर. ए. फिशर व एल. एच. सी. टिपेट यांनी १९२८ मध्ये असे सिद्ध केले की, मोठ्या संचांतील महत्तम मूल्ये घेतली, तर मूळ वितरण कोणतेही असो, ती महत्तम मूल्ये ठराविक तीन रूपांपैकी एकाकडे झुकतात. त्यांपैकी पहिल्या रूपाचा व्यावहारिक विषयांत प्रसार एमील यूलिउस गुंबेल (१८९१–१९६६) यांनी केला. हे जर्मन गणितज्ञ कट्टर शांततावादी होते. त्यांना जर्मनी सोडावी लागली व पुढे अमेरिकेत त्यांनी नद्यांच्या पुरांचा या दृष्टीने अभ्यास केला. त्यांचा महत्तम मूल्यांच्या संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक वर्षातील सर्वाधिक वेग तेवढा निवडतात, ते चढत्या क्रमाने मांडून विशिष्ट आलेखपत्रावर काढतात आणि त्यांतून जाणारी सरळ रेषा पुढे वाढवून ५० किंवा १०० वर्षांचा वेग वाचतात.

ही रीत सोपी असल्यामुळे सर्वत्र रुळली. तिच्यात एक गृहीत मात्र दडलेले आहे : सर्व वर्षांतील महत्तम वारे एकाच जातीचे आहेत. अहिल्यानगरसारख्या ठिकाणी एका वर्षीचा महत्तम वारा जुलैतील मॉन्सूनचा, तर दुसऱ्या वर्षीचा मे महिन्यातील वळवाचा असू शकतो. दोहोंची शिखरे एकाच रेषेवर बसविली, तर मॉन्सूनच्या वर्षांची गर्दी रेषेचा उतार कमी करते व रेषा पुढे वाढविल्यावर येणारा वेग खऱ्यापेक्षा कमी भरतो. एल. गोम्स व बी. जे. व्हिकरी यांनी १९७८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील नोंदींवरून ही अडचण स्पष्ट केली आणि प्रत्येक प्रकारच्या वाऱ्याचे वितरण वेगळे काढून मग त्यांच्या संभाव्यता एकत्र कराव्यात, असा मार्ग सुचविला. त्याच दशकात टी. टी. फुजिता यांनी अमेरिकेतील विमान अपघातांच्या अभ्यासातून ढगाखाली कोसळणाऱ्या वातझोतांचे स्वरूप उलगडले [⟶ गर्जन मेघ]. ही दोन्ही संशोधने परस्परांपासून दूर, वेगळ्या हेतूंनी झाली. वळवाच्या वाऱ्याला त्यांमुळे प्रथमच स्वतंत्र शास्त्रीय स्थान मिळाले.

भारतीय संहिता : वास्तूंवरील भारांविषयीची भारतीय मानक संहिता (क्रमांक ८७५) प्रथम १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या १९६४ च्या आवृत्तीत वातदाबाचे दोन नकाशे होते. एकात पाच मिनिटांहून कमी टिकणारे अल्पकालीन वारे धरलेले होते, तर दुसऱ्यात ते वगळलेले होते. म्हणजे संहिताकारांना दोन प्रकारच्या वाऱ्यांतील फरक ठाऊक होता व तो त्यांनी कालावधीच्या रूपाने मांडला होता. १९८७ मध्ये संहितेचे पाच भाग करण्यात आले. तिसऱ्या भागात दोन्ही नकाशांऐवजी एकच नकाशा आला; तो ४३ ठिकाणच्या डाइन्स वातलेखकांच्या नोंदींवर मुख्यतः आधारलेला होता. मोकळ्या भूभागावर १० मी. उंचीवर सु. ३ सेकंदांच्या सोसाट्याचा ५० वर्षांचा वेग ३३, ३९, ४४, ४७, ५० व ५५ मी./से. अशा सहा पट्ट्यांत त्यात दाखविला आहे. मुंबई व नागपूर यांना ४४ मी./से. आणि पुणे, नाशिक व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) यांना ३९ मी./से. हा वेग दिलेला आहे. या तीन शहरांच्या मधल्या पठारी प्रदेशास, म्हणजे अहमदनगरलाही, हाच ३९ मी./से. (ताशी सु. १४० किमी.) वेग लागू धरतात.

अभियंत्याच्या दृष्टीने एकच नकाशा सोयीचा, यात शंका नाही. सोसाटा हाच मूळ आधार मानल्यामुळे अल्पकालीन वाऱ्याला त्याचे महत्त्वही मिळाले. तथापि सव्वातीन दशलक्ष चौ. किमी. क्षेत्राच्या देशासाठी ४३ वातलेखक ही संख्या अल्प होती. काही किमी. रुंदीचा वळवाचा झोत नेमका वातलेखकावरून जाण्याचा योग दुर्मीळ. म्हणून या नकाशातही वळवाच्या वाऱ्याची उपस्थिती अपुरीच मानावी लागते. संहितेची पुढील आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. तीत सागरी चक्री वादळांसाठी एक स्वतंत्र गुणक समाविष्ट झाला. परंतु तो किनाऱ्यालगतच्या ६० किमी. पट्ट्यापुरता व मुख्यतः पूर्व किनारा आणि गुजरात यांना उद्देशून आहे. दरम्यान चेन्नई येथील संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्रातील एन. लक्ष्मणन् व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० हवामान केंद्रांच्या तासवार नोंदींवरून या नकाशाची २००९ मध्ये फेरतपासणी केली होती.

पवन ऊर्जा व मोजणीचे मनोरे : वाऱ्याच्या नोंदींना १९८० नंतर नवे प्रयोजन मिळाले. भारतीय हवामान विभागातून उपमहासंचालक म्हणून १९७६ मध्ये निवृत्त झालेल्या ॲना मणी (१९१८–२००१) यांनी डी. ए. मुळे यांच्यासह भारतातील पवन ऊर्जाविषयक माहितीचे संकलन १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर देशभर २० ते २५ मी. उंचीचे मनोरे उभारून प्रत्यक्ष मोजणी करण्यात आली. महाराष्ट्रात १९८५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाने (महाऊर्जा) या कामात भाग घेतला. अहमदनगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यातील सुप्याजवळचा कवड्या डोंगर, नगर शहराच्या पूर्वेकडील डोंगराळ भागातील खांडके व अकोले तालुक्यातील पंचपट्टा ही स्थळे पवन ऊर्जेसाठी पुढे आली. टाटा पॉवर कंपनीचे सुपा येथील १७ मेवॉ. व खांडके येथील ५०·४ मेवॉ. क्षमतेचे प्रकल्प त्यांपैकी होत.

ऊर्जेचा हिशेब सरासरी वाऱ्यावर होतो व त्यासाठी वर्ष-दोन वर्षांची मोजणी चालते. महत्तम वाऱ्यासाठी तेवढी मोजणी काहीच नव्हे. आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाच्या मानकात पवनचक्क्यांचे वर्ग ठरविताना ५० वर्षांचा १० मिनिटांचा सरासरी वेग वार्षिक सरासरीच्या पाचपट मानलेला आहे : पहिल्या वर्गासाठी १० व ५० मी./से., दुसऱ्यासाठी ८·५ व ४२·५, तर तिसऱ्यासाठी ७·५ व ३७·५. हे गुणोत्तर जेथे एकाच प्रकारची वादळे वर्षभर येतात अशा उत्तर युरोपच्या हवामानाशी बरेचसे जुळते. दख्खनवर वार्षिक सरासरी मॉन्सून ठरवितो आणि शिखर बहुधा वळीव. एकावरून दुसऱ्याचे अनुमान करण्यास येथे भौतिक आधारच नाही. आणखी एक गफलत नेहमी होते. ३७·५ हा आकडा संहितेतील ३९ पेक्षा लहान दिसतो. परंतु पहिला १० मिनिटांच्या सरासरीचा व पवनचक्कीच्या आसाच्या उंचीवरचा, तर दुसरा ३ सेकंदांच्या सोसाट्याचा व १० मी. उंचीवरचा आहे. तिसऱ्या वर्गाच्या पवनचक्कीसाठी धरलेला सोसाटा ३७·५ च्या १·४ पट, म्हणजे ५२·५ मी./से. असतो.

हवामान प्रतिमानांचा उदय : वातावरणाची गती भौतिकीच्या समीकरणांनी आगाऊ काढता येईल, ही कल्पना नॉर्वेचे व्ही. ब्यर्कनेस यांनी १९०४ मध्ये मांडली. एल. एफ. रिचर्डसन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात हाताने आकडेमोड करून सहा तासांचा अंदाज काढला. त्यात वायुदाबातील बदल १४५ मिलिबार एवढा अशक्यप्राय आला. तरीही १९२२ मध्ये त्यांनी आपली रीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि ६४,००० गणक माणसे एकत्र बसून जगाचे हवामान काढीत आहेत, असे चित्र तीत रंगविले. १९५० मध्ये एनियाक या संगणकावर चार्नी, फ्यर्टॉफ्ट व फॉन नॉयमान यांनी पहिला यशस्वी संख्यात्मक अंदाज केला. भारतात पुणे येथे १९६२ मध्ये स्थापन झालेली उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था व १९८८ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र यांनी ही विद्या रुजविली. पुणे येथील संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ व २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक कार्यान्वित झाले. मे २०२५ मध्ये भारत अंदाज प्रणाली हे ६ किमी. जालकाचे प्रतिमान वापरात आले.

महत्तम वाऱ्याच्या अनुमानासाठी उद्याच्या अंदाजापेक्षा कालच्या हवामानाची पुनर्रचना अधिक उपयोगाची असते. जुने वेध आधुनिक प्रतिमानात पुन्हा भरून अनेक दशकांचे तासवार हवामान तयार करतात, त्यास पुनर्विश्लेषण म्हणतात. जेथे वातलेखक कधीच नव्हता तेथेही ४०-५० वर्षांची सलग मालिका त्यामुळे हाती येते. प्रश्न जालकाच्या आकाराचा राहतो. प्रतिमान पृथ्वीचा पृष्ठभाग चौकटींत विभागते व प्रत्येक चौकटीसाठी वाऱ्याचे एकच मूल्य देते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पुनर्विश्लेषणाची चौकट अडीच अंशांची, म्हणजे सु. २७० किमी. लांबीची होती, संपूर्ण अहमदनगर जिल्हा तीत सहज सामावतो. युरोपीय केंद्राच्या १९४० पासूनच्या अलीकडील पुनर्विश्लेषणात (३१ किमी.) जिल्ह्याच्या वाट्याला सु. १८ चौकटी येतात. भारतीय व ब्रिटिश संस्थांनी मिळून १९७९ पासूनच्या काळासाठी केलेल्या १२ किमी.च्या प्रादेशिक पुनर्विश्लेषणात सु. १२०, तर ६ किमी.च्या जालकात सु. ४७० चौकटी येतात.

चौकटी वाढल्या म्हणजे तपशील त्याच प्रमाणात वाढला, असे होत नाही. समीकरणे सोडविताना लहान लहरी आपोआप पुसल्या जातात. त्यामुळे प्रतिमानाला खऱ्या अर्थाने दिसणारी सर्वांत लहान आकृती जालकाच्या सु. सातपट असते, असे डब्ल्यू. सी. स्कॅमरॉक यांनी २००४ मध्ये दाखविले. १२ किमी.च्या जालकात ही मर्यादा ८० किमी.च्या घरात जाते. पारनेरच्या पठारावरून दोन महिने वाहणारा मॉन्सून या चाळणीत चांगला अडकतो व त्याची सरासरी समाधानकारक मिळते. दहा किमी. रुंदीचा वळवाचा झोत मात्र चाळणीतून निसटतो. कळसूबाईचा माथाही अशा प्रतिमानात त्याच्या खऱ्या उंचीहून बराच खुजा होतो व कड्यावरील वाऱ्याचा वेग त्यामुळे कमी येतो. डेन्मार्कमधील रिसो येथील संशोधकांच्या साहाय्याने भारताचा पवन नकाशासंग्रह २०१० मध्ये तयार झाला तेव्हा स्थूल प्रतिमान व स्थानिक भूरचनेचे सूक्ष्म प्रतिमान यांची जोड घालण्यात आली. परंतु तो सरासरी वाऱ्याचा होता.

महत्तम वाऱ्यासाठी ही उणीव भरून काढण्याचे दोन मार्ग प्रचारात आहेत. एका मार्गात पुसल्या गेलेल्या लहान लहरींची ऊर्जा गणिताने पुन्हा मिळवतात. वाऱ्याच्या चढउतारांचा वर्णपट कसा असावा हे मोजणीवरून माहीत असते; प्रतिमानातील वर्णपट जेथून खाली घसरतो तेथून तो अपेक्षित रेषेवर आणतात व त्यानुसार ५० वर्षांचा वेग वाढवितात. शिआओली लार्सेन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ही रीत मांडली आणि तिच्या आधारे सर्व जगासाठी सु. पाव किमी. जालकाचे महत्तम वाऱ्याचे नकाशे २०२२ च्या सुमारास उपलब्ध झाले. दुसऱ्या मार्गात दरवर्षीची एक-दोन सर्वांत जोरदार वादळे निवडून तेवढीच १ ते ३ किमी.च्या सूक्ष्म जालकात पुन्हा घडवून आणतात. पहिला मार्ग स्वस्त आहे. पण तो सलग वाऱ्याचा वर्णपट गृहीत धरतो आणि कोसळत्या झोताला तो वर्णपट लागू पडत नाही. दुसरा मार्ग भौतिक दृष्ट्या अधिक सरळ आहे. पण वादळ निवडायचे कशावरून? स्थूल पुनर्विश्लेषणात जे वादळ दिसतच नाही, ते निवडीच्या यादीतही येत नाही. त्यामुळे अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यासाठी या नकाशांतील आकडे मॉन्सूनच्या महत्तम वाऱ्याचे म्हणून विश्वसनीय मानता येतात. सर्व प्रकारच्या वाऱ्यांचे म्हणून ते वापरणे धोक्याचे ठरेल. वळवाच्या दिवसांची यादी वेधशाळांच्या गडगडाटाच्या नोंदींवरून वा रडारवरून स्वतंत्रपणे करून मग सूक्ष्म प्रतिमान चालविणे व दोन्ही वितरणे शेवटी एकत्र करणे, हाच येथे योग्य क्रम होय. त्यास संगणनकाल पुष्कळ लागतो.

चक्री वादळे प्रतिमानांना तुलनेने चांगली साधतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्री वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा त्याचा वेग ताशी ११०-१२० किमी. होता. सह्याद्री ओलांडून ते पुणे जिल्ह्यातून ईशान्येकडे सरकले व क्षीण होत उत्तर महाराष्ट्रात गेले. त्याचा मार्ग आगाऊ सांगता आला होता. याउलट १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे प्रचंड जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा बळी गेला, तो दुपारच्या धुळीच्या वादळात. त्या दिवशी समुद्रात कोणतेही चक्रीवादळ नव्हते.

संहितेतील आकड्याचा व्यावहारिक अर्थ एका लहान हिशेबाने स्पष्ट होतो. ३९ मी./से. वेगाच्या वाऱ्याचा दाब सु. ९१३ न्यूटन/चौ. मी., म्हणजे दर चौ. मी.ला सु. ९३ किग्रॅ. भरतो. उतरत्या पत्र्याच्या छपरावर वारा अनेकदा दाबण्याऐवजी उचलतो. छपराच्या कडांना हे उचलणे सर्वाधिक असते. पत्र्याचे स्वतःचे वजन दर चौ. मी.ला सु. ५ किग्रॅ. असते आणि ग्रामीण भागात पत्र्यावर दगड ठेवण्याची जी प्रथा आहे तिने त्यात फारशी भर पडत नाही. किंबहुना सुटलेल्या पत्र्याबरोबर हे दगडही खाली येतात. कारखान्याचे धुराडे किंवा पवनचक्की यांचा अभिकल्प संहितेनुसार होतो. कांदाचाळी, गोठे व शाळांच्या पत्र्याच्या खोल्या यांच्या बाबतीत तो क्वचितच होतो. छपराची पकड आकड्यावर नव्हे, तर आकडीवर अवलंबून असते आणि आकड्या किती व कोठे लावायच्या, हे गवंडी किंवा सुतार सवयीने ठरवितो.

मोजणीची स्थिती अलीकडे पालटू लागली आहे. राज्य शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या स्तरावर २,००० हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. वारा, पाऊस, तपमान व आर्द्रता यांच्या त्यांच्या नोंदी फळपीक विम्यासाठी वापरल्या जातात व केळीसारख्या पिकाच्या भरपाईत वाऱ्याचा वेग ही एक अट असते. मंडळाच्या अंतरावरील केंद्रांतून वळवाचा झोत निसटण्याची शक्यता पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी आहे. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या व अहिल्यानगर येथील जुन्या वेधशाळेच्या दीर्घ नोंदींशी या नव्या नोंदी ताडून पाहता येतात. मात्र त्या जेमतेम दशकभराच्या आहेत आणि विम्यासाठी लागणारी सरासरी जपून ठेवताना सोसाट्याचे शिखरही जपले जाते की नाही, यावर महत्तम वाऱ्याच्या दृष्टीने त्यांची उपयुक्तता अवलंबून आहे.